होम की प्रो? विंडोजची वरची एडिशन घेण्याआधी काय तपासायचं

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन हे पान उघडलं की 'अपग्रेड युअर एडिशन ऑफ विंडोज' अशी ओळ दिसते आणि तिच्यापाशी स्टोअर उघडण्याचं बटण. ते बटण दाबू का, असं मला विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना मी 'आत्ता नको' म्हणून सांगितलं आहे. काहींना मात्र 'आजच घ्या' असंही सांगितलं. तुम्हाला नेमकं कोणतं काम करायचं आहे आणि ते सध्याच्या होम एडिशनमध्ये खरोखर अडतं का, एवढ्यावरच हे उत्तर ठरतं. ते तपासायचं कसं, हे इथे क्रमाने लिहितो. उदाहरणं विंडोज ११ ची आहेत. विंडोज १० मध्ये काही पानं थोडी वेगळ्या जागी सापडतील.

पायरी १: एडिशन वेगळी, आवृत्ती वेगळी

मराठीत दोन्हींना आपण 'आवृत्ती'च म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. विंडोज १०, विंडोज ११, त्यातलं २४एच२ या झाल्या आवृत्त्या. होम, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज या झाल्या एडिशन. पहिल्यात काळ बदलतो, दुसऱ्यात हक्क बदलतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि त्या सुमारास 'प्रो घेतली तर अपडेट येत राहतील ना?' असं अनेकांनी विचारलं. तसं होत नाही. दहाची होम आणि दहाची प्रो एकाच दिवशी सपोर्टबाहेर गेल्या. विंडोज ११ साठी लागणाऱ्या टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि ठरावीक प्रोसेसर या अटीही दोन्ही एडिशनना सारख्याच आहेत. जुना कॉम्प्युटर अकरासाठी नापास होत असेल तर प्रोची की (परवान्याचा कोड) टाकून तो पास होत नाही. आणि पास होत असेल तर दहाच्या होमवरून अकराच्या होमवर मोफत जाता येतं.

आपल्याकडे काय आहे ते सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर तळाशी 'विंडोज स्पेसिफिकेशन्स' खाली दिसतं. तिथे एडिशनच्या नावापुढे 'एस मोड' लिहिलेलं असेल तर तुमचा प्रश्न वेगळाच आहे. एस मोडमध्ये फक्त स्टोअरमधली ॲप चालतात. त्यातून बाहेर पडायला पैसे लागत नाहीत. मात्र एकदा बाहेर पडलं की परत आत जाता येत नाही. बाहेरचं सॉफ्टवेअर चालत नाही म्हणून प्रो विकत घ्यायला निघालेला माणूस मी पाहिला आहे. त्याला पैसे खर्च करण्याची गरजच नव्हती.

पायरी २: कामं लिहून काढा, सुविधा नव्हेत

होम आणि प्रो यांच्या तुलनेचा तक्ता उघडून बसू नका. तक्त्यात सगळ्याच गोष्टी हव्याशा वाटतात. त्याऐवजी एक कागद घ्या आणि गेल्या महिन्याभरात कॉम्प्युटरवर जे करायचं होतं पण जमलं नाही, ते साध्या वाक्यात लिहा. 'दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर इथून बसून काम करायचं होतं.' 'पेनड्राइव्ह हरवला तर त्यातलं कुणाला दिसू नये.' 'संशयास्पद फाइल कुठेतरी सुरक्षित उघडून बघायची होती.' अशी वाक्यं. 'बिटलॉकर हवं' किंवा 'हायपर-व्ही हवं' असं लिहायचं नाही. काम लिहिलं की ते करण्याचे दोन-तीन मार्ग दिसतात, सुविधेचं नाव लिहिलं की एकच.

'कॉम्प्युटर वेगवान व्हावा' हे त्या कागदावर असेल तर ते आताच खोडा. होम आणि प्रो यांचा गाभा एकच आहे. प्रो घेतल्याने गेम जास्त चांगले चालत नाहीत, व्हिडिओ लवकर रेंडर होत नाही, बॅटरी जास्त टिकत नाही. हा समज पूर्वी अगदीच निराधार नव्हता. विंडोज ७ च्या होम बेसिकला ८ जीबी आणि होम प्रीमियमला १६ जीबी रॅमची मर्यादा होती, त्यामुळे मोठं मशिन घेणाऱ्याला वरची एडिशन घ्यावीच लागायची. आज विंडोज ११ होम १२८ जीबीपर्यंत रॅम वापरते, प्रो २ टीबीपर्यंत. होम एकच प्रोसेसर सॉकेट ओळखते, प्रो दोन. तुमच्या मदरबोर्डवर दोन प्रोसेसर असतील तर ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

'व्हायरसपासून जास्त संरक्षण' हेही खोडा. डिफेंडर, फायरवॉल, विंडोज हॅलो आणि दर महिन्याचे सुरक्षा अपडेट दोन्हीकडे तेच येतात.

पायरी ३: एन्क्रिप्शन हे कारण असेल, तर आधी बघा ते चालूच आहे का

प्रो घेण्याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं कारण म्हणजे बिटलॉकर: लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्क काढून कुणाला फाइली वाचता येऊ नयेत. कारण शंभर टक्के रास्त आहे. पण बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं की होममध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाची सोय असते आणि तिच्या आत बिटलॉकरचंच तंत्र काम करतं.

सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन असं जा. ते पान दिसलं आणि बटण चालू असलं, तर तुमची डिस्क आधीच एन्क्रिप्ट झालेली आहे. पान दिसतच नसेल तर स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पहिल्याच यादीत खाली जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शनची ओळ वाचा. कोणत्या कारणाने ते उपलब्ध नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. टीपीएम किंवा सिक्युअर बूट बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद राहिलं असेल, तर ते चालू केलं की काम भागतं. २४एच२ पासून हार्डवेअरच्या अटी सैल झाल्या, त्यामुळे पूर्वी अपात्र ठरलेली मशिनंही आता पात्र ठरू शकतात.

इथे एक गोष्ट जवळून सांगतो, कारण ती कुणावरही येऊ शकते. माझ्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बायोस अपडेट झाला आणि पुढच्या वेळी सुरू करताना निळा पडदा आला: रिकव्हरी की टाका. ती म्हणाली, 'मी असं काही लावलंच नव्हतं.' तिची होम एडिशन होती आणि पहिल्या दिवशी मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करतानाच एन्क्रिप्शन आपोआप चालू झालं होतं. आम्ही तिच्या फोनवर तेच खातं उघडून रिकव्हरी कीचं पान शोधलं. तिथे दोन लॅपटॉपच्या किया होत्या. पडद्यावर दिसणाऱ्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बरोबर की ओळखली आणि सहा-सहा आकड्यांचे आठ गट, म्हणजे ४८ आकडे, एकेक वाचून टाकले. लॅपटॉप उघडला. त्या खात्यात तिला शिरताच आलं नसतं, तर त्या डिस्कवरचं काहीच परत मिळालं नसतं.

म्हणून हा लेख वाचून तुम्ही एवढी एकच गोष्ट केली तरी चालेल: आजच आपल्या खात्यातली रिकव्हरी की शोधा आणि कागदावर लिहून कॉम्प्युटरपासून दूर ठेवा. होम असो की प्रो.

मग प्रोचं बिटलॉकर जास्त काय देतं? ताबा. की कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवता: खात्यात, दुसऱ्या ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये किंवा छापून. होममध्ये लोकल (फक्त त्या कॉम्प्युटरपुरत्या) खात्याने काम करत असाल तर एन्क्रिप्शन पूर्ण होत नाही, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करायला सांगितलं जातं. प्रोमध्ये ती सक्ती नाही. कॉम्प्युटर सुरू होतानाच वेगळा पिन मागावा, अशी व्यवस्थाही प्रोमध्ये करता येते. शिवाय बाहेरची हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह बिटलॉकरने बंद करता येतात. असा बंद केलेला पेनड्राइव्ह होम पासवर्ड टाकून उघडू शकते, फक्त नवा तयार करू शकत नाही.

माझं मत: फक्त पेनड्राइव्हसाठी प्रो घेऊ नका, व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर ते काम नीट करतं. पण दुसऱ्यांची कागदपत्रं तुमच्याकडे असतात, म्हणजे तुम्ही वकील, डॉक्टर, हिशेबनीस किंवा पत्रकार आहात आणि की दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर नको असं तुम्हाला वाटतं, तर प्रो घ्या. तिथे मी काटकसर करायला सांगणार नाही.

पायरी ४: दुसऱ्या जागेवरून काम करायचं असेल तर

रिमोट डेस्कटॉपला दोन टोकं असतात. ज्या कॉम्प्युटरसमोर तुम्ही बसला आहात ते एक आणि ज्याच्या आत शिरायचं आहे ते दुसरं. समोरचा कॉम्प्युटर होमवर असला तरी चालतो. ज्याच्या आत शिरायचं, तो प्रो किंवा त्यावरचा हवा. दोन्हींवर प्रो घेण्याची गरज नाही, हे आधी ध्यानात घ्या.

आता कागदावरचं वाक्य परत वाचा. 'आईबाबांच्या कॉम्प्युटरची अडचण लांबून सोडवायची आहे' असं असेल तर रिमोट डेस्कटॉप हे साधनच चुकीचं आहे. तुम्ही आत शिरलात की त्यांच्यासमोरचा पडदा लॉक होतो. त्यांना काही दिसत नाही आणि तुम्हाला 'हे बघा, इथे दाबायचं' असं दाखवता येत नाही. त्यासाठी होममध्येच असलेलं क्विक असिस्ट वापरा. तुमच्याकडे कोड तयार होतो, तो त्यांना फोनवर सांगायचा, त्यांनी परवानगी दिली की दोघांनाही एकच पडदा दिसतो.

वाक्य 'माझ्याच मोठ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉपवरून रोज काम करायचं आहे' असं असेल, तर रिमोट डेस्कटॉपची सर बाकीच्या साधनांना क्वचितच येते. अक्षरं स्वच्छ दिसतात, पडदा लॅपटॉपच्या मापाचा होतो, कॉपी-पेस्ट दोन्हीकडे चालतं. तरीही लगेच पैसे भरू नका. आधी दोन आठवडे क्रोम रिमोट डेस्कटॉप किंवा रस्टडेस्क यांपैकी एखादं मोफत साधन वापरून बघा. दोन्ही होमवर चालतात. तेवढ्याने भागलं तर प्रश्न मिटला. पडदा धूसर दिसतोय, टायपिंग मागे पडतंय, अशी रोज चिडचिड होत असेल तर प्रोचा खर्च वसूल होईल.

घेतलीत तर तीन गोष्टी सांभाळा. मोठा कॉम्प्युटर झोपला असेल तर त्याच्याशी जोडणी होत नाही, म्हणून स्लीप बंद करा. मायक्रोसॉफ्ट खात्यावर नेहमी पिननेच लॉगिन करत असाल तर रिमोट डेस्कटॉप तुमचा पिन घेत नाही, खात्याचा पासवर्ड मागतो. एकदा त्या कॉम्प्युटरवर पासवर्डने लॉगिन करून ठेवलं की सहसा अडत नाही. आणि राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, इंटरनेटसाठी कधीही उघडू नका. जगभरातून पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम हा पोर्ट सतत शोधत असतात, आणि २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची जी त्रुटी सापडली, ती जुन्या विंडोजच्या याच दारात होती. बाहेरून यायचं असेल तर आधी व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी, सुरक्षित मार्ग), मग रिमोट डेस्कटॉप.

पायरी ५: आभासी मशिन आणि सँडबॉक्स

आभासी मशिन चालवणारं हायपर-व्ही प्रोमध्ये आहे, होममध्ये नाही. पण एका विंडोजमध्ये दुसरी सिस्टिम चालवणं एवढंच काम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना विनामूल्य झालं आहे. लिनक्ससाठीची डब्ल्यूएसएल होममध्ये पूर्ण चालते आणि डॉकर डेस्कटॉपही तिच्या आधाराने चालतं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला 'प्रो लागेलच' असा सल्ला अजूनही दिला जातो, तो जुना झाला आहे.

सँडबॉक्सचं मात्र मला खरोखर कौतुक आहे. तोही प्रोमध्येच मिळतो. स्टार्टमधून उघडला की काही क्षणांत एक कोरं विंडोज खिडकीत उभं राहतं. त्यात अनोळखी इन्स्टॉलर चालवा, शंकास्पद जोडपत्र उघडा, काय होतं ते बघा. खिडकी बंद केली की आतलं सगळं नाहीसं होतं. त्याला किमान ४ जीबी रॅम लागते, ८ असेल तर बरं, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. हेच काम व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घेऊन करता येतं, पण त्याला इतका वेळ लागतो की माणूस दोनदा करतो आणि तिसऱ्यांदा 'जाऊ दे' म्हणून फाइल थेट उघडतो. ज्यांना आठवड्यातून दोन-चार वेळा अनोळखी फाइली उघडाव्या लागतात, त्यांच्यासाठी हे एकटं कारणही पुरेसं आहे.

पायरी ६: 'मला माझ्या मनासारखं विंडोज हवं'

ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजने कसं वागायचं याचे नियम, म्हणजे पॉलिसी, ठरवण्याचं साधन) प्रोमध्ये मिळतो आणि त्यातून जाहिराती, सुचवण्या, माहिती गोळा करणं हे सगळं बंद होईल, या आशेने बरेच जण प्रोकडे वळतात. इथे निराशा होण्याची शक्यता मोठी आहे. विंडोज आपणहून सुचवत असलेली ॲप बंद करणारी पॉलिसी प्रोच्या यादीत दिसते, पण तिचा परिणाम फक्त एंटरप्राइज आणि एज्युकेशनवर होतो. निदान-माहिती पूर्ण बंद करण्याचंही तसंच. शिवाय पॉलिसी म्हणजे शेवटी बहुतेक वेळा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत वहीतली) एखादी नोंद असते, त्यामुळे प्रोमध्ये चालणाऱ्या काही गोष्टी होममध्येही रजिस्ट्रीतून जमतात. काय बंद करायचं आहे त्याचं नेमकं नाव काढा आणि त्या पॉलिसीच्या माहितीत ती कोणत्या एडिशनवर लागू आहे ते वाचा. मगच ठरवा.

अपडेटच्या बाबतीत फरक खरा आहे. होममध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, त्यानंतर ते घ्यावेच लागतात. प्रोमध्ये पॉलिसीतून मोठे वार्षिक अपडेट ३६५ दिवसांपर्यंत आणि मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात. एखादं महागडं यंत्र किंवा जुनं सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरवर अवलंबून असेल, तर मोठा अपडेट सहा महिने मागे ठेवणं शहाणपणाचं ठरतं. मासिक सुरक्षा अपडेट मात्र आठवड्याभराहून जास्त ढकलू नका.

पायरी ७: संस्था, कार्यालय

संस्थेच्या डोमेनला किंवा एंट्रा आयडीला (संस्थेचे कॉम्प्युटर आणि खाती एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थांना) कॉम्प्युटर जोडायचा असेल तर प्रो लागतेच, यात दुसरा मार्ग नाही. पण ती गरज संस्थेची आहे, तेव्हा लायसन्सही संस्थेनेच द्यायला हवं. आधी तिथे विचारा. एकाच ॲपमध्ये अडकवलेला काउंटरवरचा कॉम्प्युटर हवा असेल तर तेही प्रोचं काम. मुलांच्या वेळेवर लक्ष ठेवायचं असेल तर फॅमिली सेफ्टी होममध्ये आहेच.

पायरी ८: आता कागदाकडे परत

प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक लिहा: 'होममध्येच होतं', 'मोफत पर्यायाने होतं', 'प्रोशिवाय होत नाही'. तिसऱ्या रकान्यात आठवड्यातून एकदा तरी लागणारं एकही काम नसेल तर घेऊ नका. घाई करायचं कारणही नसतं, कारण होमवरून प्रोवर कधीही, चालू मशिनवर, फाइली न हलवता जाता येतं. उलट प्रवास तसा नाही: प्रोवरून होमवर यायचं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं.

नवा कॉम्प्युटर घेत असाल तर मात्र हा हिशेब खरेदीआधीच करा. विक्रेत्याकडे तेच मॉडेल प्रोसह मिळत असेल तर दोन किमतींतला फरक आणि नंतरच्या अपग्रेडची किंमत शेजारी ठेवून बघा.

पायरी ९: घ्यायचं ठरलं तर

आधी बॅकअप. अपग्रेडमध्ये फाइली जात नाहीत, तरीही बॅकअप. सध्याची होम ॲक्टिव्हेट झालेली आहे ना, ते ॲक्टिव्हेशनच्या पानावर बघा. मग त्याच पानावरून स्टोअर उघडून विकत घ्या, किंवा आधीच की असेल तर 'चेंज प्रॉडक्ट की' मध्ये २५ अक्षरं टाका. विंडोज बदल करून रीस्टार्ट होतं.

इंटरनेटवर फार स्वस्तात विकल्या जाणाऱ्या कियांपासून लांब राहा. त्यांतल्या अनेक मोठ्या संस्थांच्या घाऊक परवान्यांतल्या असतात. आज चालतात आणि पुढे कधीतरी बंद पडतात. तुमच्याकडे आधीच प्रो असेल आणि ती कुठून आली याची खात्री नसेल, तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं, मग एक मोकळी जागा, तिरपी रेघ आणि डी-एल-आय असं टाइप करून एंटर करा. उघडणाऱ्या चौकटीत रिटेल (सुटं विकत घेतलेलं) किंवा ओईएम (कॉम्प्युटरसोबत आलेलं) दिसलं तर ठीक. घरच्या मशिनवर व्हॉल्यूम केएमएस दिसलं, तर ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांच्या मुदतीचं असतं आणि संस्थेच्या सर्व्हरकडून पुन्हा पुन्हा नवं करून घ्यावं लागतं.

अपग्रेड झाल्यावर ॲक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे का ते तपासा. आणि एक बारीक गोष्ट, जी वर्षभराने उपयोगी पडते: होमसह आलेल्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) होमची की कोरलेली असते. पुढे कधी विंडोज नव्याने टाकलंत तर इन्स्टॉलर ती की वाचून, काही न विचारता होमच टाकतो. प्रो गेली असं समजून पुन्हा विकत घेऊ नका. ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवा किंवा तुमची प्रोची की परत टाका. त्यासाठी ती की, खरेदीच्या पावतीसह, मघाशी लिहिलेल्या ४८ आकड्यांच्या कागदाशेजारी ठेवून द्या.